आधी झाडू, मग फळी

एकाच प्रकरणातल्या दोन कागदांवर माझी सही आहे. पहिला कागद तक्रारीचा. इमारतीमागच्या वाहनतळात काही मुले चाकाच्या फळ्यांवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, उड्या मारतात, आवाजाने रहिवाशांना त्रास होतो, तरी त्यांना मज्जाव करावा, असा मजकूर. खाली बावीस सह्या. माझी नववी की दहावी, आता आठवत नाही. शेजारीण दारात कागद घेऊन उभी होती, माझा फोन कानाला होता, मी न वाचता सही ठोकली. दुसरा कागद त्यानंतर दीडेक वर्षाने निघाला. त्याच मुलांना कायमस्वरूपी स्केटपार्क मिळावं म्हणून केलेला अर्ज. त्यावर ‘जबाबदार प्रौढ व्यक्ती’ या रकान्यात माझं एकटीचं नाव. दोन्ही कागद एकाच कार्यालयात गेले आणि माझा संशय आहे की एकाच फायलीत लागले. उद्या कुणी ती फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, तर या बाईला नेमकं हवंय काय, असा प्रश्न त्याला नक्की पडेल.

आवाजाची तक्रार मी अजूनही मागे घेतलेली नाही. तो आवाज होतोच. आधी घरघर, मग फरशीच्या सांध्यांवरून तट-तट-तट, मग एकदम काहीच नाही आणि मग टाक्! दुपारी जरा डोळा लागलेला असेल तर त्या ‘टाक्’ने माणूस उठून बसतो. मधल्या त्या ‘काहीच नाही’मध्ये पोरगं फळीसकट हवेत असतं, हे मला फार उशिरा कळलं. आता तर खिडकीत न जाताही ओळखते. फळी एकटीच खाली आली तर आवाज पोकळ येतो, वर कुणी उभं असेल तर भरीव. पोकळ, पोकळ, पोकळ, पोकळ... असं तासभर चालतं. मग एक भरीव येतो, आणि त्याच्यामागोमाग इतरांनी आपापल्या फळ्या जमिनीवर आपटल्याचा गलका. त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात.

पहिल्यांदा खाली उतरले ती ओरडायलाच. तक्रारीचा काही उपयोग झाला नव्हता. पाच-सहा पोरं होती, एक मुलगी होती आणि कुणीही उड्या मारत नव्हतं. ती मुलगी झाडत होती. रुंद, जुना, अर्ध्या काड्या गेलेला झाडू. एक उंच मुलगा गुडघ्यांवर बसून तळहाताने जमीन चाचपत होता, आपण हरवलेला कानातला शोधतो तसा. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “काकू, दोन मिनिटं तिथेच थांबा हं, काच आहे इथे.” मी थांबले. ओरडायला आलेल्या माणसाला कुणी काळजीने थांबवलं की ओरडणं कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

झाडण्याचं कारण त्याने तिथेच समजावून सांगितलं. फळीच्या चाकाचा व्यास जेमतेम ५२ ते ५४ मिलिमीटर, आणि चाक कडक. वाटाण्याएवढा खडा मध्ये आला की चाक जागच्या जागी थांबतं. फळी थांबते, वरचा माणूस थांबत नाही. त्याने कोपर दाखवलं. तिथे अशा न थांबण्याच्या बऱ्याच खुणा होत्या. पुढे मी थोडं वाचलं तेव्हा कळलं की एकेकाळी ही चाकं मातीच्या मिश्रणाची असायची, घसरायची, झिजायची, खड्याला अडायची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅस्वर्दी या तरुणाने युरेथेन नावाच्या प्लास्टिकची चाकं स्केटबोर्डला लावून विकायला सुरुवात केली आणि सगळा खेळच पालटला. चाकं जमीन धरायला लागली, वळणं घेता यायला लागली. मग कॅलिफोर्नियात १९७६-७७च्या दुष्काळात कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव पोरांनी शोधून काढले आणि त्यांच्या गोलाकार भिंती चढायला सुरुवात केली. आज सिमेंटचे जे वाडगे स्केटपार्कमध्ये दिसतात, त्यांचं मूळ त्या रिकाम्या तलावांत आहे. चाक बदललं, भिंती बदलल्या, खडा मात्र आहे तिथेच आहे. म्हणून आधी झाडू, मग फळी.

हे झाडणं पुढे कार्यालयीन कागदावर ‘परिसर स्वच्छता अभियान’ म्हणून गेलं. लिहिणारी मीच. मुलांना वाचून दाखवलं तेव्हा ती हसून लोळली.

कागद लिहायची वेळ का आली, ते सांगते. ही मुलं आमच्याकडे आली ती हाकलली जात जात. एका कचेरीच्या पायऱ्यांवरून उठवलं, बंद दुकानांसमोरच्या गुळगुळीत फरशीवरून उठवलं. एका बागेतल्या दगडी बाकांच्या कडांवर तर रातोरात लोखंडी गाठी ठोकल्या गेल्या, हातभर अंतरावर एकेक. जगभर असतात त्या, फळी कडेवरून घसरता येऊ नये म्हणून खास बनवलेल्या. कुठल्याही शहरात चौथऱ्याच्या कडेवर अशा बिनकामाच्या गाठी दिसल्या तर समजायचं, इथे कधीकाळी कुणीतरी चांगलं खेळत होतं. शेवटी मुलांनीच ठरवलं की रीतसर जागा मागायची. अर्ज घेऊन गेली, तर खिडकीपलीकडून सांगण्यात आलं की अर्जदार सज्ञान हवा आणि मागणीला ‘समाजाचा पाठिंबा’ असल्याचं दिसायला हवं. सज्ञान म्हणून मी सापडले. पाठिंबा दाखवायचा कसा, हे खिडकीपलीकडून कुणी सांगितलं नाही.

मग सुरू झालं. दर रविवारी सकाळी लहान मुलांना फुकट शिकवणं. तुटक्या फळ्यांतून चालणारे ट्रक, म्हणजे चाकं धरणारे धातूचे आस, आणि बेअरिंग काढून दुसऱ्यांसाठी फळ्या जुळवणं. प्लायवुडचे दोन उतार, एक लाकडी पेटी आणि एक लोखंडी रेल, हे सगळं सकाळी काढायचं, दुपारी परत आत ठेवायचं, कारण ‘कायमस्वरूपी बांधकाम’ करायला परवानगी नाही. प्लायवुडचा उतार चौघांना उचलवतो, आणि एका पावसात भिजला की कडा फुगून पुस्तकासारख्या सुटतात. भिंतीवरची पिचकाऱ्यांची रांग खरवडून तिथे रंगकाम केलं. हेल्मेटशिवाय कुणी उभं राहायचं नाही, असा नियम केला आणि तो मोडणाऱ्या त्या उंच मुलाला एक रविवार बाहेर बसवलं. आलेल्या प्रत्येकाचं नाव, वय लिहायला वही केली. जुळवलेल्या फळ्या वाटताना आधी मुलींना द्यायच्या हेही ठरलं. ही कल्पना त्यांनी मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावाकडून उचलली. तिथे २०१५ साली उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी स्केटपार्क उभं केलं आणि नियम दोनच ठेवले. शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुली. आमच्याकडे दुसरा नियम घेतला. पहिला घ्यायला मुलं तयार होईनात, आणि त्यांच्या वह्या पाहिल्यावर मीही फार आग्रह धरला नाही.

शिकवणं बघण्यासारखं असायचं. नवीन मुलगा आला की त्याला विचारत नाहीत, कुठला पाय पुढे. त्याला सांगता येत नाही. मागून जाऊन पाठीला अगदी हलका धक्का द्यायचा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तोच बहुतेक वेळा फळीवरही पुढे. डावा पुढे तर ‘रेग्युलर’, उजवा पुढे तर ‘गूफी’. गूफी म्हटल्यावर एकाचा चेहरा पडला, त्याला वाटलं नापास झालो. मग शिकवणारी मुलगी म्हणाली, “मीपण गूफीच आहे,” आणि त्याचा चेहरा पुन्हा जागेवर आला. त्यानंतरचे दोन रविवार फक्त पडायचं. हात टेकायचे नाहीत, मनगट मोडतं. गुडघे दुमडून, खांद्यावर लोळण घेत पडायचं. पन्नाशीला आलेल्या मला ते बघताना वाटायचं, हे आपल्याला कुणी का शिकवलं नाही? एकदा फळीवर उभी राहिले मी. साडेतीन सेकंद. त्याची नोंद वहीत आहे, वयासकट.

आणि एक काम कुठल्याच अहवालात आलं नाही. वाहनतळातून लिफ्टकडे जाताना फरशीत एक आडवी भेग होती, बोटभर रुंद. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तिच्यावरून चालत होतो, पण मला विचाराल तर मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. मुलांना ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. त्यांनी गाडीच्या पत्र्याला मारतात ती लांबी आणली, एका जुन्या झाकणात हार्डनर घालून कालवली. फार वेळ मिळत नाही, पाचेक मिनिटांत ती दगड व्हायला लागते, म्हणून एक जण कालवतोय, दुसरा पट्टीने दाबून भरतोय, तिसरा ओरडतोय ‘लवकर, लवकर’. वाळल्यावर घासून जमिनीशी सपाट केली. तळमजल्यावरचे आजोबा व्हीलचेअरवर असतात. चार दिवसांनी त्यांनी मला थांबवून विचारलं, ती भेग कुणी बुजवली? व्हीलचेअरची पुढची चाकंही छोटीच असतात. इतकी वर्षं ते त्या जागी पोचले की खुर्ची वळवून उलटे, मागच्या मोठ्या चाकांनी भेग ओलांडायचे. आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. मुलांनाही नव्हतं. त्यांनी आपल्या चाकासाठी भेग भरली होती. पण इमारतीत दोनच प्रकारची माणसं जमीन इतक्या जवळून वाचत होती, आणि त्यांची ओळख अशी झाली. तक्रारीच्या कागदावर आजोबांचीही सही होती, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही.

मी अहवालात हे लिहिणार होते. छापील नमुन्यात रकाने होते: स्वच्छता, वृक्षारोपण, आरोग्य, जनजागृती, इतर. ‘इतर’समोर एकच ओळ मावत होती. मी ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिलं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, वा, किती गुणी मुलं! मलाही वाटायचं, आणि ते मी त्यांच्यासमोर बोललेही. उंच मुलगा तडकला. म्हणाला, “काकू, सकाळी बागेत चालायला येतात त्यांनी काय काय केलं होतं? चालायचा रस्ता मिळायच्या आधी?” मला उत्तर सुचेना. बागेतला रस्ता मागायला कुणी झाडू मारला नव्हता. क्रिकेट खेळणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुम्ही समाजासाठी काय करता. बॅडमिंटनच्या हॉलसाठी कुणी हजेरीची वही दाखवली नव्हती. याच मुलांनी आधी चांगलं असल्याचा पुरावा द्यायचा, तोही दर महिन्याला, नमुना ‘ब’मध्ये. आणि उद्या एक जण, वही-झाडू काही न करणारा, नुसता फळी घेऊन आला, तर त्याला जागेचा हक्क नाही? तो मुलगा त्यानंतर रविवारी येईनासा झाला. एकटाच कुठे कुठे खेळायचा. मला राग आला होता त्याचा तेव्हा. आज वाटतं, आमच्या सगळ्यांत सरळ प्रश्न त्यानेच विचारला होता. लोकसहभाग या शब्दाचा आम्ही टोलनाका करून ठेवलाय. एरवी ज्यांना कुणी अडवत नाही त्यांची गाडी सरळ जाते, आणि ज्यांच्याकडे आधीच संशयाने बघितलं जातं त्यांच्याकडून वसुली.

त्या वैतागातच मी रात्री जागून इतर शहरांत काय झालं ते धुंडाळत बसले. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९९० साली बर्नसाइड पुलाखाली स्केटबोर्डवाल्यांनी परवानगीची वाटच पाहिली नाही. स्वतः सिमेंट कालवून पुलाच्या भिंतीला लागून उतार बांधायला घेतले. जागा इतकी ओसाड आणि भीतिदायक होती की आजूबाजूच्यांना ती पोरं परवडली, आणि मग शहरानेही मान्यता दिली. म्हणजे तिथेही साफसफाईच कामी आली, फक्त क्रम उलटा. नॉर्वेत तर १९७८ ते १९८९ स्केटबोर्डवर देशभर बंदी होती, विकायलासुद्धा. एक फळी, चार चाकं, आणि सबंध देशाचा कायदा!

फिलाडेल्फियाची गोष्ट मी मुलांना दोनदा सांगितली. तिथला ‘लव्ह पार्क’ नावाचा चौक त्याच्या ग्रॅनाइटच्या कडा-पायऱ्यांमुळे जगभरच्या स्केटबोर्डवाल्यांची पंढरी झाला होता. शहराने २००१ आणि २००२ साली स्केटबोर्डच्या मोठ्या स्पर्धा भरवल्या, आणि त्याच काळात त्या चौकात मात्र खेळायला बंदी. एडमंड बेकन हे नगररचनाकार, त्यांच्या कल्पनेतून तो चौक उभा राहिलेला. २००२ साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते तिथे आले, हेल्मेट घातलं आणि दोन्ही बाजूंनी धरायला माणसं घेऊन फळीवर चढले. बंदीचा निषेध म्हणून. ज्याने जागा कल्पिली त्यानेच सांगितलं की ही मुलं तिचा उपयोग बरोबर करतायत. बंदी उठली नाही. पुढे तो चौक नव्याने बांधायला घेतला. मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गटाने पैसा जमवत, बैठका घेत नदीकाठी दुसरी जागा मिळवली. ते पेन्स पार्क उघडलं २०१३ साली.

“म्हणजे अकरा वर्षं,” एकीने लगेच वजाबाकी केली. मग म्हणाली, “मी तेवीस वर्षांची असेन.” दुसऱ्यांदा गोष्ट सांगताना मी साल गाळलं.

लंडनमध्ये साउथबँकच्या तळघरासारख्या मोकळ्या जागेत १९७०च्या दशकापासून मुलं खेळतात. तिथे दुकानं काढून त्यांना जवळच्याच एका पुलाखाली नवी जागा द्यायचं ठरलं. नवी, बांधून देतो म्हणाले. मुलांनी नको सांगितलं. हजारो लोकांच्या हरकती गोळा केल्या, टेबल मांडून, दिवसचे दिवस उभं राहून. २०१४ साली ती जागा राखायचा करार झाला, आणि २०१९ साली बंद पडलेला काही भागही दुरुस्त करून परत मिळाला. स्वीडनमधल्या माल्मोने आणखी वेगळं केलं. जुन्या जहाजबांधणीच्या आवारात मोठं सिमेंटचं पार्क उभं राहिलं, स्केटबोर्ड शिकवणारी शाळा निघाली, आणि नगरपालिकेने या कामासाठी स्केटबोर्डवाल्यांतलाच माणूस नोकरीवर घेतला. खिडकीच्या पलीकडे आपल्यातला एक बसलाय, ही कल्पना मुलांना ऑलिम्पिकपेक्षा भारी वाटली.

ऑलिम्पिकचं नाव निघालं ते सुनावणीत. दोन वर्षांनी एकदाची सुनावणी लागली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. आवाज होईल, बाहेरची पोरं येतील, नशापाणी सुरू होईल, हाडं मोडतील आणि भरपाई आपल्या गळ्यात येईल. हरकती सगळीकडे सारख्याच असाव्यात. भरपाईची भीती तर इतकी जुनी की १९७०च्या दशकात अमेरिकेत धडाधड उघडलेली खासगी पार्कं विम्याच्या ओझ्याने तितक्याच धडाधड बंद पडली. जॅक्सनव्हिलमधलं १९७७चं कोना पार्क अजून चालू आहे, तेही त्यांतल्या थोडक्यांपैकी एक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने कायदा केला की स्केटबोर्ड हा जोखमीचा खेळ धरला जाईल, हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांची संरक्षकं सक्तीची केली की नगरपालिकेवर दाव्याची टांगती तलवार राहणार नाही. त्यानंतर तिथे सार्वजनिक पार्कं उभी राहायला लागली. कधीकधी अडसर हा एवढ्या एका कलमाचा असतो. आवाजाचं मी स्वतः बोलले. माझ्याइतका अधिकार कुणाला होता? ओतीव काँक्रीटचा आवाज पोकळ लाकडी नाहीतर पत्र्याच्या रॅम्पपेक्षा कितीतरी कमी येतो. तात्पुरतं साहित्य म्हणजे जास्त आवाज. तुम्हाला शांतता हवी असेल तर पक्कं बांधा. सभागृहात थोडं हसू झालं. तक्रारीचा कागद काढून कुणी दाखवला नाही, मी मात्र तीन मिनिटं तेवढ्याचीच वाट बघत होते.

शेवटी ती झाडणारी मुलगी बोलली. टोकियोत २०२१ साली तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्ण जिंकलं, असं काहीसं तिने पाठ केलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. व्यासपीठावरच्या एका गृहस्थांनी मायेनेच विचारलं, “मग तुमच्यातलं कोण जाणार ऑलिम्पिकला?” ती गोंधळली. म्हणाली, “कुणीच नाही. आम्हाला उद्या शाळा सुटल्यावर जायला जागा हवीय.” पदकाचं तुणतुणं मीच वाजवायला लावलं होतं, त्याची मला लाज वाटली. नंतर घरी तिने मला त्याच टोकियोतला दुसरा प्रसंग दाखवला. मिसुगु ओकामोतो, जिंकेल असं सगळ्यांना वाटत होतं, शेवटच्या फेरीत पडली, चौथी आली, रडत बाहेर निघाली, आणि जिच्याशी तिची स्पर्धा होती त्याच मुलींनी तिला खांद्यावर उचललं. “मला हे सांगायचं होतं,” ती म्हणाली. “पण तीन मिनिटांत कसं सांगणार?”

सुनावणीतून निघालं एवढंच की आराखडा सादर करा. आराखड्यासाठी एक दिवस मातीकाम झालं. खरी पद्धत आहे ती. पार्क बांधणारे लोक मुलांना माती देतात आणि म्हणतात, हवं ते करा. लांबट टेबलावर जागेचा नकाशा कापून ठेवला, प्रत्येकापुढे मातीचा गोळा. मोठी मुलं खोल वाडग्यांवर तुटून पडली. कडेला गोल नळी कशी लावायची यावर अर्धा तास वाद. भिंतीचा गोलावा किती ठेवायचा यावर त्याहून मोठा वाद. गोलावा लहान घेतला की भिंत अंगावर येते, मोठा घेतला की नुसता टेकाडावरचा रस्ता. दहा वर्षांच्या एका मुलीने काहीच खोल केलं नाही. तिने एका कोपऱ्यात तळहाताएवढा सपाट तुकडा थापला, त्याच्या कडेला इतका मंद उतार केला की तो आहे हे बोट फिरवल्यावर कळावं. हे काय? “इथे ज्यांना येत नाही ते.” मग तिने त्याच्या बाजूला एक बाक केला, एक नळ केला, आणि एक चौकोनी खोली. ती कसली ते विचारायची गरज पडली नाही. मोठ्यांच्या एकाही आराखड्यात शौचालय नव्हतं. सगळ्यांचं एकत्र करताना वाडगे तीनाचे दोन झाले, दोनाचा एक झाला. तो सपाट तुकडा राहिला.

तो आराखडा गेल्याला आता चौथं वर्ष. मातीची तपासणी झाली, जागेची मोजणी झाली, मोजणी पुन्हा झाली. मधे एकदा जागा बदलली. फाईल वाढत नाही असं नाही, जाडीने वाढते. मुलं उंचीने वाढतात. पहिल्या अर्जावर ज्यांची नावं होती त्यांतली तिघं दुसऱ्या शहरांत गेली, एकाच्या घोट्यात स्क्रू आहेत, आणि झाडणारी मुलगी नोकरीला लागली. रविवारी येते, पण तिच्या सुट्टीचा तो एकच दिवस. तिला मी एकदा विचारलं, आता उद्या पार्क झालं तर तू किती खेळशील? ती म्हणाली, “माहीत नाही. बहुतेक बाकावर बसेन. तुमच्या शेजारी.” तिने ज्यांना पडायला शिकवलं ती आता शिकवतात. हजेरीची तिसरी वही चालू आहे. हे सगळं त्या वाट पाहण्यातून झालं हे खरं, पण म्हणून वाट पाहायला लावणं बरंच होतं असं जे आता काही जण म्हणायला लागलेत, ते मला ऐकवत नाही. भेग त्यांनी कुणी सांगितलं म्हणून बुजवली नव्हती.

उंच मुलगा गेल्या पावसाळ्यात परत दिसला. दाढी आली होती. न बोलता प्लायवुडच्या उताराचा एक कोपरा धरला आणि आत ठेवू लागला. त्याचं नाव वहीत लिहू का, असं एका लहानग्याने विचारलं. “नको,” तो म्हणाला. लहानग्याने लिहिलंच.

मागच्या आठवड्यात निरोप आला की अर्जाचा नमुना बदललाय. ‘युवा गट’ या सदरात मूळ अर्जदारांचं वय आता बसत नाही, तेव्हा नव्या नावांनी पुन्हा सादर करावा. जबाबदार प्रौढ तीच चालेल. नवी पहिली अर्जदार म्हणजे ती सपाट तुकडा थापणारी, आता चौदाची. कागद घेऊन वाहनतळात आली तेव्हा मी आजोबांशी बोलत उभी होते. टेबल नव्हतं. तिने फळी उलटी करून माझ्यापुढे धरली, चाकं तिच्या दोन्ही हातांच्या मधे. खालचं चित्र केव्हाच खरवडून गेलेलं, नुसतं लाकूड, आणि त्यावर कडा घासून पडलेल्या आडव्या चरी. मी कागद त्यावर टेकला. आडनावाच्या मध्यावर पेन एका चरीत गेलं आणि कागदाला भोक पडलं.

“दुसरा आणू?” मी विचारलं.

तिने कागद उजेडात धरून बघितला. “चालेल,” म्हणाली, आणि तो माझ्याच हातात देऊन झाडू घ्यायला गेली.